पाच मीटर पाऊस, ऐंशी लिटर पाणी

साम्रदच्या माळावर एखादी कॅम्परव्हॅन जूनच्या पहिल्या आठवड्यात उभी केली आणि ऑक्टोबरात जाऊन पाहिली, तर मधल्या चार महिन्यांत तिच्या टपावरून किती पाणी वाहून गेलं असेल? टप धरू या ६ मीटर लांब, २ मीटर रुंद. घाटघर, साम्रद, रतनवाडी हा सह्यधारेचा तुकडा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. इथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे उभा ५ मीटर. गुणाकार केला की ६० घनमीटर होतात. ६०,००० लिटर पाणी, एका गाडीच्या टपावर!

आणि तीच गाडी घेऊन एप्रिलमध्ये तिथे दोन रात्री राहायचं ठरवलं, तर चहाचं, भाताचं, भांडी विसळायचं सगळं पाणी नाशिकहून टाकीत भरून न्यायला हवं. तोवर घाटमाथ्यावरचे बहुतेक झरे आटलेले असतात आणि या पट्ट्यातल्या बायकांची हंड्यांसाठीची चाल लांबलेली असते. चार महिने धबधब्यांखाली राहणारा मुलूख उरलेल्या वर्षात इतका कोरडा कसा होतो? या प्रश्नाचं उत्तर आणि साम्रदच्या पलीकडे कातळात पडलेल्या त्या खोल चिरेचं गुपित एकच आहे. म्हणून सांदण दरीची सहल आखताना नकाशा उघडण्याआधी पाण्याचा हिशेब मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

रस्ता सोपा आहे. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी, तिथून डावीकडे वळून कळसूबाईच्या पायथ्याची बारी, मग शेंडी, म्हणजेच भंडारदरा. इथवर सत्तरेक किलोमीटर. पुढे जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, घाटघर करत साम्रदला पोचतो. तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. पण शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर अरुंद आहेत, वळणं आंधळी आहेत, आणि उंच गाडीच्या टपाला झाडांच्या फांद्या लागतात. हा टप्पा उजेडातच संपवावा. गाडी मावते का ही शंका असेल तर शेंडीतच मुक्काम ठेवून पुढे छोट्या गाडीने जाणं शहाणपणाचं.

गावाच्या पश्चिमेला थोडं चालून गेलं की सपाट वाटणारी जमीन फाटलेली दिसते. आत उतरलं की दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती चढत जातात, दोनशे-तीनशे फूट. मधली वाट कुठे ऐसपैस, कुठे इतकी चिंचोळी की दोन माणसांनी शेजारी शेजारी चालणं कठीण. पायाखाली माती नाही. कपाटाएवढे, खोलीएवढे धोंडे एकमेकांवर कलंडलेले. सुरुवातीलाच दोन डोह लागतात. थंडीत त्यांत कमरेपर्यंत, कधी त्याहून वर पाणी असतं, आणि ते इतकं गार असतं की श्वास अडखळतो. ही चीर सुमारे दोन किलोमीटर जाते आणि तिचं दुसरं टोक हवेत उघडतं. खाली कोकण. शहापूर तालुक्यातलं देहेणे गाव त्या बाजूला. शेवटचे कडे दोराशिवाय उतरता येत नाहीत. ज्यांना दोराचं काम येत नाही त्यांनी जिथवर पाय सुखरूप टेकतात तिथवर जाऊन मागे फिरावं; दरीचं खरं रूप तेवढ्यातही पुरेपूर दिसतं.

आता हा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर पसरत गेला. आज शिल्लक असलेला त्याचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिम घाटातल्या थरांची भूवैज्ञानिकांनी गटवारी केली तेव्हा सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरांना त्यांनी जव्हार आणि इगतपुरी ही नावं दिली, आणि ते ज्या मोठ्या गटात मोडतात त्याला कळसूबाईचं. जगाच्या पाठीवर कुठेही दख्खनच्या ज्वालामुखीबद्दल बोलणं निघालं की आपल्या घोटीच्या रस्त्यावरची ही नावं उच्चारली जातात. गाडी चालवताना डोंगराच्या कापणीकडे लक्ष ठेवा. काळ्या थरांच्या मध्येच कुठे लालसर पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजला, पुढचा यायच्या आत त्याची वरची कातडी झिजून माती झाली, आणि मग नव्या लाव्ह्याने ती झाकली. दोन उद्रेकांमधली शांतता त्या पट्ट्यात नोंदलेली आहे.

लाव्हा थंड होताना आक्रसतो. ओल्या चिखलाला वाळताना तडे जावेत तसे त्याला उभे तडे जातात. भूवैज्ञानिक त्यांना सांधे म्हणतात. पुढे जमिनीच्या हालचालींनी आणखी लांब भेगा पडतात. मधला घट्ट दगड मात्र पाणी जवळजवळ पीतच नाही. वाळूचा खडक पाणी शोषून धरतो, चुनखडी विरघळते. घट्ट बेसॉल्टच्या अंगी दोन्ही नाही. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, काही थरांच्या जाळीदार माथ्यात आणि सांध्यांत. ही साठवण तुटपुंजी आहे. ती भरली की वरून पडणारं सगळं पाणी उतारावरून पळत सुटतं.

एप्रिलच्या रिकाम्या हंड्याचं कारण हे, आणि सांदणचंही हेच. जमीन पाणी पोटात घेत नाही, म्हणून ते पळतं. पळताना जिथे भेग सापडते तिथे शिरतं, आणि शिरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच शिरतं. इतक्या कठीण दगडात इतकी अरुंद आणि खोल वाट पडली, ती पाण्याने आधीपासूनच्या कमजोर रेषेचा माग काढला म्हणून. कातळ किसून काढण्यापेक्षा सांध्यांनी आधीच सुटे झालेले ठोकळे एकेक करून उचकटणं पाण्याला सोपं जातं. तळ खचतो, भिंतीचा आधार सुटतो, वरचा ठोकळा खाली येतो. दरीत ज्या धोंड्यांवरून आपण उड्या मारत जातो ते सगळे कधीतरी या भिंतींचा भाग होते.

पण असले धोंडे पाणी हलवतं कसं? इथे निसर्गाचा एक हिशेब आहे, तो पहिल्यांदा कळला तेव्हा माझा त्यावर विश्वास बसेना. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर तो हलवू शकेल अशा दगडाचं वजन दुपटीने वाढत नाही, चौपटीनेही नाही. ते चौसष्ट पट होतं. वेगाचा सहावा घात! तिप्पट वेग, की सातशेहून अधिक पट. रुंद ओढ्यातलं पाणी चिंचोळ्या चिरेत घुसलं की त्याची उंची आणि वेग दोन्ही चढतात. त्यामुळे वर्षभरातला बराचसा पाऊस दरीला जे करू शकत नाही ते दोन-तीन भयंकर तास करून जातात. आणि तास किती भयंकर असू शकतो तेही मोजून पाहू. एक चौरस किलोमीटर माळावर तासाभरात पाच सेंटिमीटर पाऊस झाला, तर पडलेलं पाणी होतं पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर, एका तासात. उन्हाळ्यात ज्या तालुक्यात टँकरच्या खेपा मोजल्या जातात, त्याच मुलखातली ही गोष्ट.

अशा चिरा जगात प्रसिद्ध आहेत त्या वाळवंटातल्या. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात पेज या गावाजवळ अँटिलोप कॅन्यन आहे. नाव्हाहो लोकांच्या भूमीतली ती घळ पाहायला लोक कॅम्परव्हॅन घेऊन शेकडो मैल येतात. तिचा खडक वेगळा: ज्युरासिक काळातल्या वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांची वाळू पुढे घट्ट झाली, तो तांबूस वालुकाश्म. तिच्या भिंती लाटांसारख्या वळलेल्या, गुळगुळीत. सांदणच्या भिंती काटकोनी, करकरीत. तिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, इथे पाच हजार पडतो. तरी दोन्हीकडे घळच कशी तयार होते? दोन्ही ठिकाणी पाणी सावकाश, बारमाही येत नाही. ते एकदम येतं आणि निघून जातं. वाळवंटात ढगफुटीने, सह्याद्रीत मोसमाने. वर्षातले आठ महिने घाटमाथ्याचा कातळ वाळवंटाच्याच नियमांनी जगतो, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नवल वाटतं.

अँटिलोप कॅन्यनने शिकवलेला धडा इथेही तंतोतंत लागू आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्या घळीत अकरा पर्यटक पुरात वाहून गेले. त्यांच्या डोक्यावर पाऊस जवळजवळ नव्हताच. तो पडला होता कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला. त्यानंतर तिथे वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. सांदणमध्ये उभं राहिल्यावर आकाशाची एक निळी फीत तेवढी दिसते. शेजारच्या रतनगडावर ढग दाटलेत की नाही ते तिथून समजायला मार्गच नाही. म्हणून जून ते सप्टेंबर दरीत पाऊल टाकायचं नाही, आणि मे महिन्यात दुपारनंतर वळवाची चिन्हं दिसली तरीही नाही. साम्रदमधले महादेव कोळी आणि ठाकर समाजातले वाटाडे या आकाशाखाली वाढलेले आहेत. त्यांच्यापैकी कुणाला सोबत घ्यावं, आणि ‘आज नको’ असं ते म्हणाले तर वाद न घालता गाडीत बसून चहा करावा. हा सगळा परिसर १९८६ पासूनच्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाचे प्रवेशाचे आणि मुक्कामाचे नियम निघण्याआधी विचारून घ्यायला हवेत, कारण जिथे गाडी मावते तिथे राहता येतंच असं नाही.

मग जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोह भरलेले, हवा सुखद, रात्री थंडी कडक. मार्च-एप्रिलमध्ये डोह उतरतात, वाट सोपी होते, ऊन वाढतं. बहुतेक जण इथेच थांबतात. पण उजेडाचाही हिशेब करून पाहा. सांदणला सावल्यांची दरी म्हणतात, कारण तळापर्यंत ऊन फार थोडा वेळ पोचतं. दहा फूट रुंद आणि दोनशे फूट खोल फटीच्या तळाला ऊन लागायचं, तर सूर्य फटीच्या रेषेत तरी हवा, नाहीतर जवळपास थेट डोक्यावर. डिसेंबरात इथला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेच्या आकाशात जेमतेम ४७ अंशांवर चढतो. साम्रद मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, साडेएकोणीस अक्षांशावर, आणि त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथे बरोब्बर माथ्यावर येतो. पहिल्यांदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात. दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, तेव्हा तो ढगांआड असतो आणि दरी पाण्याखाली. म्हणजे सावल्यांच्या दरीलाही वर्षातून एक शून्य सावली दिवस मिळतो. त्या सुमारास, भर उन्हाळ्यात, दुपारी साडेबाराच्या आसपास उभ्या भिंतींमधून ऊन सरळ तळाला टेकतं. मात्र त्याच दिवसांत वळीव येतो, आणि तो बहुधा दुपार कलताना येतो. सकाळी लवकर उतरून, तो उजेड पाहून लगेच वर यायचं, आणि सकाळपासून आकाश निरभ्र असेल तरच. त्याच आठवड्यांत अंधार पडल्यावर झाडांवर काजवे लखलखू लागतात. गाडीचे दिवे मालवून बसलं तर खिडकीतून दिसतात. काजव्यांसाठी लोटणाऱ्या गर्दीत मोठी गाडी आणणं मात्र त्यांच्यावरही अन्याय आणि गावावरही. शनिवार-रविवार टाळावा.

आता गाडीकडे वळू. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. पण घाटमाथ्यावर नळ आणि विजेचा खांब तयार मिळेल असं समजून निघू नये. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली चार जणांची गाडी आणि दोन दिवस असं धरू. पिण्याला माणशी चार लिटर, स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड धुण्याला सहा. दिवसाला माणशी दहा, म्हणजे दोन दिवसांचे ऐंशी लिटर. आंघोळ यात नाही. ऐंशी लिटर म्हणजे ऐंशी किलो. घाटात ते गाडीच्या तळाशी, चाकांच्या दांड्याजवळ असावेत. अर्धवट भरलेली टाकी वळणावर डचमळते आणि गाडीला बाहेर ओढते, म्हणून एका मोठ्या टाकीपेक्षा दोन लहान बऱ्या, एक संपवून मग दुसरी उघडायची. उताराला ब्रेकवर पाय दाबून ठेवण्यापेक्षा ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं.

वापरलेलं पाणी हा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. मातीच्या जाड थरातून पाणी झिरपतं तेव्हा ते वाटेत थोडंफार गाळलं जातं. इथे माती वीतभर आणि खाली सांधे. माळावर ओतलेलं साबणाचं पाणी गाळलं न जाता भेगेतून खालच्या झऱ्यावर निघू शकतं, आणि त्या झऱ्यावर कुणाचा तरी हंडा लागलेला असतो. जितकं पाणी नेलं तितकंच सांडपाणी परत आणायची टाकी गाडीत असलीच पाहिजे. शौचालयाचीही तीच गोष्ट.

विजेचं सोपं आहे. टपावर दोनशे वॉटचं सौर पॅनेल असेल तर हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी पाऊणएक युनिट मिळतं. दिवे, पंखा, फोन यांना पुरतं. रात्री बंद गाडीत शेगडी किंवा कोळसे पेटवू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंडी असली तरी खिडकीची फट उघडी ठेवायची. जेवणाचं सामान कमी न्या. गावात नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो, आणि त्याचे पैसे ज्या घरात जायला हवेत त्याच घरात जातात.

दुसऱ्या दिवशी घाटघरच्या कोकणकड्यावर जावं. तिथे पायाखाली देशाचा पाणलोट दुभागतो. एका अंगाला पडलेला थेंब प्रवरेत जातो, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणामागे अडतो, कालव्यांतून संगमनेर-श्रीरामपूरच्या उसात शिरतो किंवा गोदावरीसोबत बंगालच्या उपसागराकडे निघतो. शेजारचाच थेंब कड्यावरून कोकणात कोसळून अरबी समुद्र गाठतो. त्याचा प्रवास दहापटीने आखूड आणि उतार कितीतरी तीव्र, म्हणून पश्चिमेचे ओढे कडा कुरतडत पूर्वेकडे सरकत आहेत. सांदण ही त्या कुरतडीची पुढे घुसलेली एक धार आहे. माणसानेही हा दुभाग ओलांडला आहे. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या वीज प्रकल्पात, २००८ पासून, मागणीच्या वेळी वरच्या जलाशयातलं पाणी सुमारे चारशे मीटर खाली सोडून वीज करतात, आणि मागणी घटली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवतात.

परतीला आलेल्या रस्त्याने नाशिक गाठण्यापेक्षा, एक दिवस हाताशी असेल तर, राजूर, अकोले, संगमनेर असं पूर्वेला उतरावं. घाटघरचा पाच हजार मिलिमीटर पाऊस सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या संगमनेरला पोचेस्तोवर पाचशेच्या आत-बाहेर येतो. गाडीच्या काचेतून भाताची खाचरं संपतात, बाजरी लागते, बाभळी लागतात. आळेफाट्यावरून पुढे पारनेर तालुक्यातलं निघोज. तिथे कुकडीच्या पात्रात, त्याच काळ्या कातळात, पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी शेकडो रांजणखळगे कोरले आहेत. काही हातभर, काही माणूस उभा मावेल एवढे. सांदणमध्ये पाण्याने सांध्यांतून ठोकळे उचकटले. निघोजला त्याने गोट्यांचं गिरमिट करून कातळ घासला. मार्च-एप्रिलमध्ये पात्रातलं पाणी उतरलं की हे रांजण उघडे पडतात, आणि काहींच्या तळाशी ज्यांनी ते कोरले ते गोटे अजून पडून असतात.